सात मिलिमीटर

ओहोटी लागली तेव्हा पहाटेचे सहा वाजले होते.
आम्ही अकरा जणी, छातीपर्यंत रबरी कपड्यांत,
अरोसाच्या खाडीत दाताळी ओढत होतो.
उशिया माझ्या डाव्या हाताला.
मधेच थांबली. दाताळं वाळूत रोवून
उभी राहिली, काहीतरी विसरल्यासारखी.
"दल्फिना, मी जरा काठावर जाऊन येते."

दिवस गेल्याचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.
पण पंधरवडाभर ती कॉफीच्या वासाला तोंड फिरवत होती,
आणि आम्ही बाकीच्या दहा जणी
आंधळ्या नव्हतो.

आधी तपकिरी डाग. मग लाल.
मी तिला गाडीत घातलं, बूट तसेच पायांत.
हॉस्पिटलच्या फरशीवर आमच्यामागे वाळूची रेघ.

डॉक्टर तरुण. आवाज हळू.
म्हणाली, रक्त दिसलं म्हणजे संपलंच असं नसतं.
चौघींत एकीला सुरुवातीला दिसतं,
त्यातल्या निम्म्या तरी पुढे बाळंत होतात.
पडद्यावर एक काळं तळं,
त्यात तळाशी दाण्याएवढं काहीतरी.
पाच मिलिमीटर. ठोका नाही.
"सातच्या आत असेल तर मी निकाल देत नाही.
तारखाही चुकलेल्या असू शकतात. दहा दिवसांनी या."

मला हसू आलं, नको त्या वेळी.
माझ्या गळ्यात दोरीला पितळी पट्टी.
तिच्या खाचेतून जी तिसरी आरपार जाते
ती मापाची नाही, ती परत पाण्यात.
बावीस वर्षं टाकतेय परत.

मग ते दहा दिवस.
बादली उचलली म्हणून का, दल्फिना?
फेब्रुवारीचं पाणी पोटाला लागलं असेल?
शुर्शोशी फोनवर भांडले, तो आयर्लंडपलीकडे बोटीवर,
ते आत ऐकू गेलं असेल?
लग्नातली ती एक वाइन, मला तेव्हा माहीतच नव्हतं गं.
सासू म्हणाली, नजर लागली.
निदान ती तरी दुसऱ्या कुणाची तरी चूक.

नवव्या रात्री कंबर धरली.
फ्रीजवर डॉक्टरचा कागद:
तासाला दोन पॅड भिजले आणि तसे दोन तास गेले,
चक्कर आली, ताप चढला, तर वाट बघू नका, निघा.
मी घड्याळ मांडीवर घेऊन बसले.
गाडीची किल्ली टेबलावर.
माझं काम मोजायचंच आहे; रोजचा माल मीच वजन करते.
इतकं वाईट कधी मोजलं नाही.
पाचच्या सुमारास वेदना ओसरली,
आणि तिनं विचारलं, "तुला भूक लागलीय का?"

दुसऱ्या तपासणीत तळं नव्हतं.
डॉक्टरनं पडदा तिच्याकडे वळवला, तिनं मागितलं म्हणून.
"बादलीनं नाही. पाण्यानं नाही. भांडणानंही नाही.
बहुतेक वेळा दोन पेशी भेटतात त्याच दिवशी
जुळणी चुकलेली असते. त्यात कुणाचाच हात नसतो."
उशियानं तीनदा विचारलं.
डॉक्टरनं तीनदा सांगितलं,
तेच शब्द, त्याच गतीनं,
जणू बाहेर रांग नव्हतीच.

संध्याकाळी सासू बाल्बिना सूप घेऊन आली.
भांडं ठेवलं, कोट काढलाच नाही.
"माझेही दोन. एक शुर्शोच्या आधी, एक नंतर.
त्याच्या बापालाही ठाऊक नाही."
आणि झाकण नीट बसत नाही म्हणून
बराच वेळ झाकणाशीच झटत राहिली.

तीन आठवड्यांनी ती परत पाण्यात उतरली.
पहिलीच तिसरी तिनं पट्टीत धरली, आरपार गेली.
फेकली नाही. वाकून, हात कोपरापर्यंत बुडवून,
वाळूत ठेवली.

काठावर वजनाची वही उघडली
तर रजेच्या दिवसांपुढे तिचं नाव, आणि किलो.
रोज दहा जणींनी एकेक मूठ बाजूला काढली होती.
"मी तर नव्हते," ती म्हणाली.
मी म्हटलं, "सही कर. पाणी चढतंय."